स्टॉपर कसा तयार करायचा: लेले ग्राउंडवर उभं राहून पुयोल बघताना

बेळगावात टिळकवाडीच्या लेले ग्राउंडवर रविवारी सकाळी साडेसहाला पोरं फुटबॉलला जमली की पहिला वाद ठरलेला. "काका, मला फॉरवर्डला घाला की." बावीस पोरं आली तर त्यातली अठरा फॉरवर्ड. जो उशिरा आला, ज्याचं पोट सुटलंय किंवा ज्याला भांडता येत नाही, तो बॅकला, म्हणजे मागे गोल अडवायला. मी असाच बॅकला गेलो आणि वीस वर्षं स्टॉपर, म्हणजे कीपरच्या पुढचा मधला बॅक, खेळलो. आठवडाभर उद्यमबागेत लेथवर असतो, रविवारी ही पोरं. इतक्या वर्षांत जे कळलं ते लिहितो. उदाहरणाला एकच माणूस घेतो, स्पेनचा स्टॉपर कार्लेस पुयोल. बार्सिलोनाकडून ५९३ सामने, स्पेनकडून १००, आणि उंची १७८ सेंटीमीटर. एवढी उंची आमच्या अनगोळच्या पोरांतही सापडते.

आधी आईबापांसाठी. पोराची जागा दहाव्या वर्षी ठरवू नका. पुयोल १९७८चा, कॅटलोनियातल्या ला पोब्ला दे सेगुर नावाच्या डोंगराकडच्या छोट्या गावातला. लहानपणी तो गोलकीपर होता. खांद्याच्या त्रासानं ते सुटलं, मग फॉरवर्डला खेळला. बार्सिलोनाच्या ला मासिया अकादमीत तो १९९५ला आला, म्हणजे सतराव्या वर्षी. तिथं त्याला बॅकच्या पुढे, डिफेन्सिव्ह हाफला ठेवलं, नंतर राइट बॅकला नेलं. पहिल्या संघातून पहिला सामना ऑक्टोबर १९९९मध्ये, आणि स्टॉपर म्हणून तो पक्का झाला त्याच्याही नंतर. इकडे आठवीतल्या पोराचा बाप मला विचारतो, "ह्याचं काय होणार का नाही, ते आताच सांगा." काय सांगू? मी वर्षभर प्रत्येक पोराला सगळीकडे फिरवतो. महिनाभर कीपर राहिलेल्या पोराला बॅकला उभं केलं की कीपरला कुठून दिसत नाही हे त्याला सांगावं लागत नाही.

आता मुख्य काम. स्टॉपरनं खाली पडायचं नाही. बेळगावच्या पावसात ही सवय लवकर लागते: जून-जुलैचा चिखल, घसरत जाऊन टॅकल मारायला मजा येते, बाहेरचे टाळ्या वाजवतात. मीही मारायचो. एका स्पर्धेच्या फायनलला, बरोबरी असताना, शेवटच्या पाच मिनिटांत समोरचा आमच्या गोलपुढच्या बॉक्समध्ये शिरला आणि मी पाय सोडला. बॉल आधीच गेला होता, पायाखाली त्याचा घोटा आला. पेनल्टी. घरी जाताना सायकलवर मागे बसलेला माझा भाऊ टिळकवाडी ते शहापूर एक शब्द बोलला नाही.

लेथवर नवीन पोरगं पहिल्याच फेरीत खोल कट घेतं आणि टूल मोडतं. पाय सोडणारा स्टॉपर त्यातलाच. म्हणून माझा पहिला सराव असा. चार चपला घ्या. पाच पावलं रुंद, पंधरा पावलं लांब अशी गल्ली करा. एका टोकाला बॉल घेतलेला पोरगा, मध्ये स्टॉपर. स्टॉपरनं स्वतःचे हात पाठीमागे घेऊन शर्टाचं टोक धरायचं. मी मोठ्यानं पाच अंक मोजतो, तोवर बॉलला पाय लावायचा नाही. फक्त तिरकं उभं राहायचं, एक पाय पुढे, गुडघे वाकलेले, अंतर हातभर, आणि मागे मागे सरकायचं. नजर बॉलवर. समोरचा खांदा हलवेल, कंबर हलवेल, तिकडे बघायचं नाही. बॉल हलला तरच आपण हलायचं. पाच झाल्यावरही थांबायचं. बॉल त्याच्या पायापासून एक पाऊल लांब गेला की त्या क्षणी आत घुसायचं, तेही उभ्यानं. पहिल्या दिवशी निम्मी पोरं दोनलाच पाय घालतात. पंधरा दिवसांनी तीच पोरं समोरच्याला कंटाळा आणतात.

हा सराव जमला की मार्किंग, म्हणजे समोरच्या एकाला चिकटून राहणं. त्यासाठी मी पोरांना २१ ऑक्टोबर २०००चा सामना सांगतो. लुईस फिगो हा मोठा खेळाडू त्या उन्हाळ्यात बार्सिलोना सोडून त्यांच्या कट्टर वैऱ्याकडे, रेआल माद्रिदला गेला होता आणि पहिल्यांदाच बार्सिलोनाच्या ग्राउंडवर, कॅम्प नोऊवर परत आला होता. अख्खं स्टेडियम त्याच्यावर ओरडत होतं. त्याच्या अंगावर सोडला होता बावीस वर्षांचा पुयोल. बार्सिलोना २-० जिंकली आणि फिगोला काही करता आलं नाही. पोरांना सांगायचं ते एवढंच की चांगल्या खेळाडूला बॉल मिळाल्यावर अडवणं अवघड. त्याला बॉल मिळतानाच आपण तिथं असलो पाहिजे, वळायला जागा द्यायची नाही. सरावाला जोड्या लावा, एकानं मोकळं पळायचं, दुसऱ्यानं हात पोचेल इतकं जवळ राहायचं, बॉल नाहीच. एका वेळी दोन मिनिटं. तिसऱ्या फेरीला कोण लपूनछपून चालतोय ते कळतं.

मागे बघायची सवय वेगळी लावावी लागते. पोरगा बॉलकडे बघत असतो आणि पाठीमागून दुसराच पळून जातो. मी पोराच्या मागे उभा राहतो, समोरून दुसरा पास देतो. पास पायाला लागायच्या आधी पोरानं मान वळवून मी किती बोटं दाखवली ते ओरडायचं. चुकला की परत. सोपं वाटतं, करून बघा.

आणि बोलायचं. बॅकला मुका चालत नाही. आमचा कीपर कन्नड घरातला, दोन्ही स्टॉपर मराठी. तो "हिंद नोडो!" (मागे बघ) म्हणून ओरडतो, हे "सोड सोड, माझा!" म्हणतात, आणि सगळ्यांना सगळं कळतं. एकदा कोल्हापूरकडची टीम आली होती, त्यांच्या कोचनं विचारलं, ही कुठली भाषा? म्हटलं, ही आमची बॅकची.

हेडरच्या, म्हणजे डोक्यानं बॉल मारण्याच्या बाबतीत सबुरी ठेवा. अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेनं २०१५ला दहा वर्षं आणि त्याखालच्या पोरांना हेडर बंदच केला. मी लहानांना फुग्यावर शिकवतो. मोठ्यांसाठी कांद्याच्या जाळीच्या पिशवीत बॉल घालून आंब्याच्या फांदीला टांगतो. टिळा लावतो ती जागा बॉलला लागली पाहिजे, डोळे उघडे, दात मिटलेले.

उंची कमी आहे म्हणून रडणाऱ्याला मी ७ जुलै २०१०ची गोष्ट सांगतो. वर्ल्ड कपची सेमीफायनल, डर्बन, स्पेन विरुद्ध जर्मनी. आपल्याकडे रात्री बाराला सुरू झाली. मला सकाळी सातची शिफ्ट होती, बायको म्हणाली झोपा आता, आणि मी टीव्हीचा आवाज बंद करून बसलो. दीडच्या सुमाराला, ७३व्या मिनिटाला, स्पेनच्या झावीनं डावीकडच्या कोपऱ्यावरून कॉर्नर मारला. जर्मनीकडे मेर्टेसाकर होता, १९८ सेंटीमीटरचा. पुयोल बॉक्सच्या बाहेरून धावत आला आणि उडी अशी मारली की जवळच असलेल्या त्याच्याच टीममधल्या पिकेचंही डोकं खालीच राहिलं. १-०. मी ओरडलो, गल्लीतली कुत्री उठली, बायकोही उठली. चार दिवसांनी स्पेननं फायनलही तेवढ्याच फरकानं मारली.

उंच माणूस उभ्या जागेवरून उडी मारतो; बुटक्याकडे पळायला जागा असेल तर फरक पडतो. म्हणून कॉर्नरला आपल्या बुटक्याला गर्दीत उभं करू नका. बॉक्सच्या कडेला ठेवा, बॉल मारणाऱ्याच्या पायावरून सुटेपर्यंत हलू देऊ नका. लवकर निघालेला पोरगा बॉलच्या खाली अडकतो. उडी एका पायावर, हात वर खेचून, पण कोपर कुणाच्या तोंडावर नको.

कॅप्टनची पट्टी कुणाला द्यायची, हा दरवर्षीचा घोळ. पुयोलला ती २००४मध्ये मिळाली. एप्रिल २०१२ला बार्सिलोनानं रायो वायेकानोला त्यांच्याच ग्राउंडवर ७-० हरवलं. पाचव्या गोलनंतर त्याच्याच टीममधले थियागो आणि दानी आल्वेस नाचायला लागले तेव्हा पुयोल पळत गेला आणि दोघांना ढकलून जागेवर पाठवलं. त्याच्या आदल्या वर्षी वेंब्लीवर चॅम्पियन्स लीग जिंकल्यावर कप त्यानं स्वतः उचलला नाही, मार्चमध्ये लिव्हरचं ऑपरेशन होऊन परतलेल्या आपल्या टीममधल्या एरिक अबिदालला पुढे केलं. मी पट्टी देताना एवढंच बघतो, की हरलेल्या टीमशी हात मिळवायला पहिला कोण जातो. (केस वाढवून पुयोल होत नाही, हेही सांगावं लागतं. एकानं खांद्यापर्यंत वाढवले होते, त्याच्या आजीनं दसऱ्याआधी कापायला लावले.)

शेवटी शरीर. पुयोलचा उजवा गुडघा त्याला शेवटपर्यंत सतावत राहिला आणि २०१४ला तो थांबला. गुडघा दुखतोय म्हणणाऱ्या पोराला "काय बाई आहेस काय" म्हणणारे कोच मी पाहिलेत. एका स्पर्धेत माझ्याच पोराला एकानं तसं खेळवलं, चार महिने गेले. सूज दिसली की बाहेर, डॉक्टरनं बघितल्याशिवाय आत नाही.

बूट पावसात रबरी स्टडचेच घ्या, नखं शनिवारी रात्री कापा. घरी आल्यावर बूट धुवून आत कालचा पेपर कोंबून सावलीत ठेवायचे. गॅसजवळ ठेवले तर तळ सुटतो, आणि मग रविवारी पोरगा चपलेत येऊन म्हणतो, "काका, आज कीपर होतो की."