चेनसॉ: तेलाचे माप, कार्ब्युरेटरचे स्क्रू आणि बारची लांबी

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि श्रीवर्धन-दिवेआगरपासून दापोली-मंडणगडपर्यंत नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. एरवी कुऱ्हाडीवर आणि हातकरवतीवर भागवणाऱ्या अनेक बागायतदारांच्या घरी त्यानंतर चेनसॉ, म्हणजे इंजिनावर चालणारी साखळीची करवत, आली, तशी ती आमच्याकडेही आली. 58 सीसीचे इंजिन आणि 22 इंची बार (जिच्या कडेने साखळी फिरते ती लांब पट्टी) असलेली आमची करवत दुसऱ्याच महिन्यात जाम झाली. सायलेन्सर काढून एक्झॉस्टच्या तोंडातून बॅटरीचा उजेड टाकला, तेव्हा पिस्टनच्या एरवी गुळगुळीत असणाऱ्या अंगावर काट्याने ओरखडावे तशा उभ्या रेघा दिसल्या. तेल आम्ही कमी घातले नव्हते. उलट काळजीपोटी जास्तच घातले होते. मात्र जोर वाढावा म्हणून एका मेकॅनिककडून कार्ब्युरेटरचा (हवा आणि इंधन मिसळणाऱ्या भागाचा) एच स्क्रू आवळून घेतला होता, आणि बोथट साखळीनिशी 22 इंची बार आंब्याच्या जुन्या खोडात पूर्ण बुडवून तासन्‌तास चालवला होता. तेल, कार्ब्युरेटर आणि बार या तीन गोष्टी सुट्या नाहीत, हे मला त्या पिस्टनने शिकवले.

चेनसॉच्या टू-स्ट्रोक इंजिनात वंगणाच्या तेलाची वेगळी टाकी नसते. क्रँकच्या बेअरिंगपासून पिस्टनपर्यंत सगळ्याला वंगण मिळते ते पेट्रोलमध्ये मिसळलेल्या तेलातूनच. पूर्वी टू-स्ट्रोक स्कूटरसाठी पंपावर टू-टी ऑइल घालून घेत, त्यामागचे तत्त्व हेच होते. परंतु हवेवर थंड होणारे चेनसॉचे इंजिन स्कूटरपेक्षा कितीतरी जास्त फेऱ्यांवर आणि बराच वेळ पूर्ण थ्रॉटलवर (वेगाचा खटका पूर्ण दाबून) चालते, म्हणून तेल चांगल्या दर्जाचे, डब्यावर जॅसो एफसी किंवा एफडी (टू-स्ट्रोक तेलाच्या दर्जाच्या खुणा) असे छापलेले घ्यावे. किनाऱ्यावर होडीच्या आउटबोर्ड इंजिनाचे तेल सहज हाताशी असते. ते पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनासाठी बनवलेले असल्यामुळे इथे वापरू नये. फोर-स्ट्रोकचे इंजिन ऑइल तर मुळीच चालणार नाही.

प्रमाण पुस्तिकेत दिलेले असेल तेच ठेवावे. 50:1 म्हणजे एका लिटर पेट्रोलला 20 मिलिलिटर आणि पाच लिटरला 100 मिलिलिटर तेल. 40:1 ला लिटरमागे 25, तर 25:1 ला 40 मिलिलिटर. बाटलीच्या झाकणाने अंदाजे माप घेण्याऐवजी औषधाच्या दुकानातली सुई नसलेली सिरिंज वापरावी. स्वच्छ कॅनमध्ये आधी थोडे पेट्रोल घेऊन त्यात सगळे तेल ओतावे, चांगले हलवावे, मग उरलेले पेट्रोल घालून पुन्हा हलवावे, आणि पुढे दर वेळी टाकी भरण्यापूर्वी कॅन हलवून घ्यावा. मिश्रण महिन्याभरात संपेल इतकेच करावे. टाकी भरताना इंजिन बंद आणि थंड असावे, झाकणाभोवतीचा भुसा आधी पुसावा, आणि भरल्या जागेपासून निदान तीन मीटर दूर जाऊनच करवत सुरू करावी.

तेल जास्त घातले म्हणजे इंजिन अधिक सुरक्षित, हा समज फार पसरलेला आहे आणि तो दुरुस्त करणे मला अत्यावश्यक वाटते. कार्ब्युरेटरच्या जेटमधून, म्हणजे इंधनाच्या बारीक छिद्रातून, ठरावीक द्रवच जातो. त्यात तेलाचा वाटा वाढला की पेट्रोलचा तेवढा कमी होतो आणि हवेच्या मानाने इंधन तोकडे पडते. यालाच लीन होणे म्हणतात. हा फरक लहान असतो, पण आधीच लीन लावलेल्या इंजिनाला तो पुरतो. शिवाय प्लग आणि सायलेन्सरची जाळी काजळीने भरते ती वेगळीच. पंपावर मिळणाऱ्या 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलनेही हेच घडते, कारण इथेनॉलला जळायला हवा कमी लागते आणि त्याच स्क्रूवर मिश्रण लीन ठरते. पुस्तिकेत इथेनॉलची मर्यादा दिलेली असते, ती नक्की पाहावी. कोकणातल्या पावसाळ्यात आणखी एक धोका असतो. इथेनॉल हवेतला ओलावा शोषते, आणि पाणी फार झाले की इथेनॉल-पाण्याचा थर पेट्रोलपासून सुटून तळाशी बसतो. टाकीतली नळी तळातूनच ओढत असल्यामुळे इंजिनात तेलाविना द्रव जातो. शंका आली तर मिश्रण पारदर्शक बाटलीत काढून थोडा वेळ स्थिर ठेवावे. खाली वेगळा थर दिसला, तर ते वापरू नये.

आता कार्ब्युरेटर. स्क्रूला हात लावण्यापूर्वी एअर फिल्टर धुऊन वाळवावा, प्लग आणि सायलेन्सरची जाळी साफ करावी, ताजे मिश्रण भरावे आणि साखळीला धार लावावी. बार व साखळी चढवलेली असतानाच आणि इंजिन तीन-चार मिनिटे चालून गरम झाल्यावरच ट्यूनिंग करावे. त्या वेळी साखळी अचानक फिरू शकते, म्हणून करवत जमिनीवर घट्ट धरावी आणि बारचे टोक सर्वांपासून दूर ठेवावे. एल स्क्रू कमी वेगाचे इंधन ठरवतो, एच पूर्ण वेगाचे, आणि एलए किंवा टी असे लिहिलेला स्क्रू फक्त आयडलचा, म्हणजे थ्रॉटल न दाबता चालणाऱ्या इंजिनाचा, वेग. एल आणि एच उजवीकडे आवळले की मिश्रण लीन होते, डावीकडे सैल केले की रिच, म्हणजे इंधन जास्त.

प्रथम एल सावकाश दोन्हीकडे फिरवून आयडल जिथे सर्वांत जलद होतो ती जागा शोधावी आणि तिथून आठवा ते पाव फेरा डावीकडे सोडावा. थ्रॉटल दाबताच इंजिन दम कोंडल्यासारखे दबले, तर एल अजून थोडा सोडावा. मग एलए असा ठेवावा की इंजिन बंद पडणार नाही आणि साखळीही फिरणार नाही. करवत आडवी-उभी केल्यावर आयडल आपोआप चढत असेल, तर सील किंवा रबरी जोडातून हवा आत जात असण्याची शक्यता मोठी आहे. तो दोष स्क्रूने झाकू नये, आधी दुरुस्त करावा.

एच स्क्रूवर इंजिनाचे आयुष्य अवलंबून आहे. प्लगच्या वायरीला गुंडाळायचा, फेऱ्या मोजणारा छोटा टॅकोमीटर घेऊन पुस्तिकेतल्या कमाल फेऱ्यांच्या आत राहणे सर्वांत उत्तम. तो नसेल तर कान वापरावा: पूर्ण थ्रॉटलवर, लाकडात न घालता, काही क्षणच आवाज ऐकावा. तो थोडा जाड, अडखळत फडफडणारा असावा आणि बार लाकडात जाताच साफ, सलग व्हावा. रिकाम्यावरच आवाज टिपेला जाऊन एकसुरी झाला, तर एच ताबडतोब डावीकडे सोडावा. इथे एक सावधगिरी बाळगावी: काही करवतींच्या कॉइलमध्ये (प्लगला ठिणगी पुरवणाऱ्या भागात) फेऱ्यांवर मर्यादा असते, आणि त्या मर्यादेला टेकल्यावर येणारा आवाजही तसाच फडफडता असल्याने कान फसतो. तिथे टॅकोमीटरला पर्याय नाही. स्क्रू किती फिरेल याला मर्यादा घालणाऱ्या प्लास्टिकच्या टोप्या तोडून स्क्रूचे फेरे वाढवू नयेत. आपोआप ट्यून होणाऱ्या मॉडेलना तर हे स्क्रूच नसतात. किनाऱ्यावर लावलेली करवत सुमारे 1,350 मीटर उंचीच्या महाबळेश्वरला नेली तर विरळ हवेमुळे रिच चालेल. तिथे एच थोडा आवळला असेल, तर खाली उतरताच तो पूर्ववत करायला विसरू नये.

बारच्या लांबीबाबत माझे मत स्पष्ट आहे: रोजच्या कामाला पुरेल तेवढाच आखूड बार लावावा. 40 ते 45 सीसीला 16 इंच आणि 50 ते 60 सीसीला 18 ते 20 इंच पुरतात. 24 इंचांच्या पुढे जायचे तर 70 सीसीच्या आसपासचे इंजिन हवे. बाजारात 58 सीसीला 22 इंची बार सर्रास मिळतो, पण तो घट्ट लाकडात पूर्ण बुडाला की फेऱ्या पडतात, इंजिन तापते, आणि पंप कमी पडला तर बारच्या टोकापर्यंत तेल पोचत नाही. माड साधारण फूटभर जाडीचा असतो, त्याला 16 इंच भरपूर झाले. मात्र त्याच्या रेषा क्लचच्या झाकणात गुंततात आणि साखळी लवकर बोथटते, म्हणून कानस खिशात असावी. आंब्याचे जाड खोड दोन्ही बाजूंनी कापता येते. लांब बारचे टोक नजरेआड कशाला तरी लागण्याची शक्यताही अधिक असते, आणि टोकाचा वरचा भाग लागला की करवत उसळून अंगावर येते.

बार बदलताना पिच (साखळीच्या कड्यांमधले अंतर), गेज (बारच्या खाचेची रुंदी) आणि ड्राइव्ह लिंकची (खाचेत बसणाऱ्या कड्यांची) संख्या साखळीशी जुळवावी. हे आकडे बहुधा बारच्या बुडाशी कोरलेले असतात. पिच स्प्रॉकेटलाही (साखळी फिरवणाऱ्या दातेरी चाकालाही) जुळला पाहिजे. साखळीच्या तेलाच्या टाकीत गॅरेजमधले जळके ऑइल न घालता बार ऑइलच भरावे, आणि बारचे टोक कोऱ्या पुठ्ठ्यासमोर वीतभर अंतरावर धरून थ्रॉटल द्यावा. पुठ्ठ्यावर काही क्षणांत तेलाची रेघ उमटली नाही, तर बारचे भोक आणि खाच साफ केल्याशिवाय लाकडाला लावू नये. बारची लांबी बदलल्यावर पहिली टाकी संपेपर्यंत एचचा आवाज पुन्हा एकदा लाकडात आणि लाकडाबाहेर ऐकावा. मग इंजिन थंड झाल्यावर प्लग काढून पाहावा. तो फिकट तपकिरी असेल तर स्क्रू आहेत तिथेच राहू द्यावेत. पांढरट असेल, तर एच थोडा सोडून पुन्हा तपासल्याशिवाय दुसरी टाकी भरू नये.