पावसाळ्यात तबेल्यातली जखमी म्हैस : आधी जमीन, मग मलम

आरे, गोरेगाव, जोगेश्वरीच्या तबेल्यांत जून लागला की खुराच्या आणि गुडघ्याच्या जखमा वाढतात. कारण पायाखालीच असतं. शेण-मुताने बुळबुळीत झालेली लादी, तुंबलेलं गटार आणि एकाच जागी साखळीला बांधलेलं जनावर. खूर ओलं राहून मऊ पडतं, एखादा खडा रुततो आणि म्हैस लंगडते. अशा ठिकाणी कितीही महागडं मलम लावा, दोन तासांत ते शेणाखाली जातं. म्हणून जखमी जनावराला आधी कोरड्या, खरखरीत जागी हलवा. रबरी मॅट किंवा वाळूचा जाड थर चालेल. बाकीच्या म्हशींसाठी दाराशी खूर बुडेल एवढी टाकी करून 10 लिटर पाण्यात 500 ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) घाला. खुरं आधी धुवून घ्या, कारण शेण मिसळलं की मोरचुदाचा जोर संपतो. ते पाणी जनावराच्या पिण्यात जाऊ देऊ नका.

जखम धुवायला उकळून गार केलेलं मिठाचं पाणी उत्तम : लिटरला दोन सपाट लहान चमचे मीठ. वर पोव्हिडोन आयोडीन आणि कडेने माशी पळवणारा स्प्रे. हळद, राख, जळकं तेल यांचे थर चढवू नका. आत पू कोंडतो आणि डॉक्टरांना जखमच दिसत नाही. माशीने घातलेली अंडी दिवसभरात फुटतात, तेव्हा पावसाळ्यात जखम रोज दोनदा बघावीच लागते. वास येतोय, जनावर सारखं चाटतंय, तर अळ्या पडल्या समजा. टर्पेंटाइनचा बोळा पाच-दहा मिनिटं ठेवला की अळ्या वर येतात. त्या चिमट्याने काढा, जखम पुन्हा धुवा. बोळा आत विसरलात तर चांगलं मांस भाजतं. शिंग मोडून रक्त थांबत नसेल, कासेचा सड फाटला असेल किंवा जखम सांध्यापर्यंत गेली असेल तर घरगुती उपाय नकोत. 1962 या जनावरांच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा किंवा परळचं पशुवैद्यकीय रुग्णालय गाठा.

सगळ्यात अवघड म्हणजे घसरून बसलेली म्हैस. नुकती व्यालेली असेल तर आधी कॅल्शियम कमी पडलंय का, ते डॉक्टरांकडून तपासून घ्या. सलाईन देऊन डॉक्टर निघून जातात, खरं काम मात्र गड्याचं असतं. जनावर छातीवर बसतं ठेवायचं, दर तीन-चार तासांनी कूस बदलायची (हो, रात्रीही), मांड्या चोळायच्या. नाहीतर स्वतःच्याच वजनाखाली खालच्या पायाचे स्नायू मरतात आणि मूळ दुखणं बरं झालं तरी ती उठत नाही. झोळीने उभं करायचं तर थोडाच वेळ. दिवसभर टांगून ठेवणं म्हणजे नवी इजा. उठल्यावर पहिले काही दिवस कोरड्या जागेवर चार पावलं चालवा.

आडव्या पडलेल्या जनावराला बाटलीने किंवा नळीने काही पाजू नका. ते फुप्फुसात जातं. खाणं तोंडापुढे ठेवा, पाणी सतत द्या. जखम भरायला प्रथिनं लागतात, म्हणून सरकी पेंड, हिरवा चारा आणि रोज 50 ग्रॅम खनिज मिश्रण. पण ‘ताकद यावी’ म्हणून आंबोण (पेंड-भरड्याचा खुराक) एकदम दुप्पट कराल तर पोट आंबतं आणि खुरं आणखी दुखतात. बुरशी धरलेला कडबा फेकून द्या, धुवून-वाळवून वापरू नका.

वेदनेसाठी डॉक्टर सहसा मेलॉक्सिकॅम देतात. डायक्लोफेनॅकवर जनावरांसाठी 2006 पासून बंदी आहे, कुणी चोरून दिलं तरी घेऊ नका. अँटिबायोटिक चालू असलेल्या म्हशीचं दूध डॉक्टरांनी सांगितलेले दिवस वेगळं काढा, विकू नका.

गड्याला गमबूट आणि हातमोजे द्याच. गुरांच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा तापाचा आजार) पसरतो आणि पायाच्या बारीक चिरेतूनही शिरतो. साचलेल्या पाण्यात उभं राहावं लागलं असेल तर तीन दिवसांच्या आत पालिकेच्या दवाखान्यात दाखवा. ताप आला तर तबेल्यात काम करतो, हे डॉक्टरांना आधी सांगा.