बुडता क्लब हाती घेतलाय? फुटबॉल मॅनेजरमध्ये या चुका टाळा

फुटबॉल मॅनेजर या संगणकावरच्या गेममध्ये श्रीमंत क्लब घेऊन करंडक जिंकण्यात मजा आहेच. पण हा गेम किती खोल आहे ते कळतं नोव्हेंबरात, तळाला अडकलेला एखादा चॅम्पियनशिपमधला क्लब हाती घेतल्यावर. इंग्लंडच्या या दुसऱ्या श्रेणीत २४ संघ असतात, प्रत्येकाचे ४६ सामने होतात आणि शेवटचे तीन संघ खाली जातात. असा क्लब वाचवता येतो. बऱ्याचदा तो बुडतो ते खेळाडू कमी पडतात म्हणून नाही, तर नवा मॅनेजर पहिल्या पंधरवड्यातच सगळं एकदम बदलायला जातो म्हणून.

पहिल्याच दिवशी फॉर्मेशन बदलणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. फॉर्मेशन म्हणजे मैदानावरची खेळाडूंची मांडणी, आणि टॅक्टिक म्हणजे ती मांडणी व खेळायच्या सूचना मिळून. कुठूनतरी डाउनलोड केलेली टॅक्टिक लावायची आणि निकालाची वाट बघायची. गेम मात्र प्रत्येक टॅक्टिकबद्दल संघाला किती सवय झाली आहे याचा हिशेब ठेवतो. ही सवय सरावातून आणि सामन्यांतून हळूहळू वाढते. चॅम्पियनशिपमध्ये शनिवारी सामना, मंगळवारी पुन्हा सामना असे आठवडे सारखे येतात. मधले दिवस थकवा घालवण्यात जातात, मग नवी पद्धत शिकायला वेळ कुठून आणणार? दोन सामने हरले की आपण परत टॅक्टिक बदलतो आणि सवयीची पट्टी पुन्हा खाली येते.

त्याऐवजी जुनं फॉर्मेशन तसंच ठेवा आणि गेल्या पाच सामन्यांत खाल्लेले गोल एकामागून एक बघा. वीस मिनिटांचं काम आहे, पण त्यातून जे कळतं ते कुठल्याही अहवालातून कळत नाही. समजा, डावा बॅक दर वेळी पुढे धावतोय, मधल्या फळीत चेंडू हरवतोय आणि समोरचा विंगर त्याच मोकळ्या जागेतून आत घुसतोय. मग डाव्या बॅकला मागे थांबणारी भूमिका द्या, पुरे. सेंटर-बॅकचा (मधल्या बचावपटूचा) पेस, म्हणजे वेग, २० पैकी ९-१० असेल तर बचावाची रेषा खाली घ्या, नाहीतर प्रत्येक लांब चेंडूवर गोलकीपर एकटा पडेल. सेंटर-बॅकचं पासिंग ७-८ असेल तर गोलकीपरकडून छोटे पास खेळत बाहेर पडण्याची सूचना काढून टाका. कॉर्नरवर गोल जात असतील तर ज्याचा जम्पिंग रीच (उडी मारून गाठता येणारी उंची) सगळ्यात जास्त त्याला जवळच्या खांबापाशी उभं करा. एका वेळी दोन-तीन गोष्टींनाच हात लावा. त्यानंतर चार सामने तरी काही बदलू नका.

प्रत्येक सामना बरोबरीसाठी खेळणं

गोल थांबले की बरं वाटतं आणि आपण सगळीकडे बचावच करत बसतो. इथे साधं गणित मांडून बघा. पाच बरोबऱ्यांचे गुण पाच, दोन विजय आणि तीन पराभवांचे सहा. त्यात समोरचा संघही तळातलाच असेल, तर तुमच्या विजयाने त्याचेही तीन गुण जातात. म्हणून वेळापत्रक उघडा आणि आपल्यासारख्याच धडपडणाऱ्या संघांशी असलेल्या लढतींवर खूण करा. तिथे मेंटॅलिटी (संघ किती आक्रमक खेळेल ते ठरवणारी सेटिंग) एक पायरी वर न्या आणि ताजे पाय त्याच सामन्यासाठी राखून ठेवा. अव्वल संघाच्या मैदानावर हरलात तरी चालेल.

२०१४-१५ मध्ये इंग्लंडच्या अव्वल श्रेणीच्या, प्रीमियर लीगच्या, तळाशी असलेल्या लेस्टरने शेवटच्या नऊपैकी सात सामने जिंकले, ४१ गुण केले आणि १४वं स्थान गाठलं. त्या नऊ सामन्यांत ते चेल्सीकडून हरले आणि चेल्सी त्या मोसमाची विजेती होती. पण खाली गेलेल्या बर्नली आणि क्यूपीआर या दोघांनाही त्यांनी हरवलं. अशा लढती जिंकूनच संघ वाचतो.

जानेवारीत घाबरून खरेदी

जानेवारी आली की ३२ वर्षांचा, नाव ओळखीचं असलेला स्ट्रायकर दिसतो आणि हात शिवशिवतात. आठवड्याला २०,००० पौंड पगार म्हणजे वर्षाला १० लाखांहून जास्त. अडीच वर्षांचा करार केलात तर साधारण २६ लाख. क्लब खाली गेला तर टीव्हीचे पैसे आटतात, पगार मात्र तसाच राहतो.

पैशांचा हिशेब चुकला की काय होतं ते डर्बी काउंटीने २०२१-२२ मध्ये भोगलं. दिवाळखोरीच्या प्रशासनात गेल्याबद्दल १२ आणि हिशेबाचे नियम मोडल्याबद्दल ९, असे २१ गुण कापले गेले. मॅनेजर वेन रूनीच्या त्या संघाने मैदानावर ५५ गुण कमावले होते, जे वाचायला सहज पुरले असते. तक्त्यात उरले ३४ आणि संघ तिसऱ्या श्रेणीत गेला. ते वाचून आजही वाईट वाटतं, कारण त्या पोरांनी आपलं काम चोख केलं होतं.

म्हणून मोसमाअखेरपर्यंतच्या लोनवर, म्हणजे दुसऱ्या क्लबकडून उसने खेळाडू घेण्यावर, भर द्या आणि मालक क्लबशी पगाराच्या वाट्यावर घासाघीस करा. कायमचा खेळाडू घ्यायचाच असेल तर श्रेणी घसरल्यास पगार कमी होईल असं कलम करारात घाला. ट्रान्सफरचे पैसे पडून असतील आणि पगाराचं बजेट संपलं असेल, तर बजेटची सरकपट्टी हलवून थोडे पगाराकडे वळवा. खरेदी दोन-तीन जागांपुरतीच ठेवा. एकदम सहा नवे आले की संघाचा एकजिनसीपणा जातो.

ड्रेसिंग रूममध्ये आरडाओरडा

मनोबल आधीच तळाला गेलेल्या संघावर रागावलात तर खेळाडू आणखी खचतात. बलाढ्य संघाशी सामना असेल तर दडपण काढून घेणारं बोला. आठवडाभर चांगला सराव केलेल्याचं एकट्याला बोलावून कौतुक करा, याचा परिणाम लगेच दिसतो. म्हातारा झाला म्हणून कर्णधार विकण्याआधी गेममधलं डायनॅमिक्सचं (संघातले गट आणि नेते दाखवणारं) पान बघा. तो संघातल्या प्रभावी नेत्यांत असेल तर त्याच्या जाण्याने त्याच्या गटातले इतरही नाराज होतात. आणि खेळायला मिळेल असं वचन देऊन एखाद्याला बाकावर बसवू नका.

बोर्डालाही वचन देताना जपून. नोकरी धोक्यात आली की बैठकीत पुढच्या पाच सामन्यांत अमुक गुण मिळवण्याची अट समोर येऊ शकते. हो म्हणण्याआधी ते पाच सामने कोणाशी आहेत ते तपासा.

शेवटच्या पंधरा मिनिटांत गोल जात असतील तर दोष टॅक्टिकचा नसून थकव्याचा असू शकतो. सरावाची तीव्रता कमी करा आणि साठाव्या मिनिटालाच बदली खेळाडू उतरवा.

एवढं करूनही एप्रिलमध्ये रेलिगेशन (खालच्या श्रेणीत जाणं) नक्की झालं, तर उरलेले सामने लोनवरच्या खेळाडूंवर घालवू नका. पुढच्या मोसमात जे आपल्याकडे असणार आहेत त्या तरुणांना खेळवा. ३० जूनला कोणाचे करार संपतात ती यादी काढा, मोठ्या पगारांपैकी कोणते आपोआप सुटतात ते बघा आणि टिकवण्यासारख्या दोघा-तिघांशी मे महिन्यातच बोलणी सुरू करा.