क्रूझचे वेळापत्रक कायद्याच्या नजरेने कसे वाचावे

कोविडच्या साथीत बंद पडलेली क्रूझ पुन्हा सुटणार का, याचा अंदाज बांधताना लशी आणि चाचण्यांचे नियम सगळेच पाहत असत. अमेरिकेतून सुटणाऱ्या क्रूझच्या बाबतीत मात्र जहाजाचा ध्वज आणि बंदरांची यादीही तितक्याच बारकाईने पाहावी.

प्रथम ध्वज पाहावा. अमेरिकेच्या १८८६ च्या प्रवासी जहाज कायद्यानुसार परदेशी ध्वजाच्या जहाजाला एका अमेरिकी बंदरातून दुसऱ्या अमेरिकी बंदरात प्रवासी पोहोचवता येत नाहीत, आणि मोठी क्रूझ जहाजे तर बहुतेक बहामा, पनामा अशा देशांत नोंदलेली असतात. ध्वज परदेशी असेल, तर चढण्याचे आणि उतरण्याचे बंदर एकच आहे का, हे तपासावे. एकच असेल, तर वाटेत एक तरी परदेशी बंदर घ्यावेच लागते, मात्र ते कोणतेही चालते. दोन वेगळी अमेरिकी बंदरे असतील, तर कॅनडा किंवा मेक्सिको पुरत नाही, दूरचेच परदेशी बंदर लागते.

अलास्काच्या फेरीत ही गोम नीट दिसते. वॉशिंग्टन राज्यातील सिअ‍ॅटलहून निघालेले जहाज केचिकन, जुनो, स्कॅगवे करून परतताना कॅनडातील व्हिक्टोरियाला संध्याकाळचे काही तास थांबते. प्रवाशांना हा थांबा उरकल्यासारखा वाटतो, पण फेरी कायदेशीर ठरते ती त्याच्याच जोरावर. फेब्रुवारी २०२१ मध्ये कॅनडाने शंभरहून अधिक जणांच्या क्रूझ जहाजांवरील बंदी वर्षभर वाढवली आणि अमेरिकेच्या आरोग्य यंत्रणेने सशर्त परवानगीची वाट मोकळी केलेली असूनही अलास्काचा हंगाम अडला. अखेर २४ मे २०२१ रोजी बायडेन यांनी स्वाक्षरी केलेल्या तात्पुरत्या कायद्याने वॉशिंग्टन राज्य ते अलास्का ही फेरी, आरोग्याच्या अटी पाळणाऱ्या जहाजांपुरती, परदेशी प्रवास मानली गेली आणि जुलैत मोठी जहाजे सुटली.

म्हणून अशी सवलत जाहीर झाली, तर ती कोणत्या मार्गाला, कोणत्या अटींवर आणि कधीपर्यंत आहे, हे मूळ मजकुरात वाचावे. वरील सवलतीचा कॅलिफोर्नियाहून निघणाऱ्या फेरीला काहीच उपयोग नव्हता. बोटीवर नोकरीला जाणाऱ्या गोव्या-कोकणातील मंडळींनीही रुजू होण्याची तारीख पक्की धरण्यापूर्वी एवढे पाहून घ्यावे.

एक खबरदारी प्रवाशांसाठी: सिअ‍ॅटलला चढून मध्येच जुनोला कायमचे उतरायचे मनात आले, तर आधी कंपनीला विचारावे, कारण तुमच्यापुरता तो प्रवास दोन अमेरिकी बंदरांमधला ठरतो आणि जहाजाला होणारा दंड तुमच्याकडून वसूल होऊ शकतो.