दुधाचे क्रेट जातात कुठे? नव्या एजंटांनो, या चुका टाळा

दुधाच्या लाईनवर नवा पोरगा आला की पहिल्या आठवड्यात कमिशन विचारतो, फुटलेल्या पिशव्यांचं काय ते विचारतो. रिकाम्या क्रेटचं कोणीच विचारत नाही. महिनाअखेरीला बिलात ‘क्रेट बाकी’ म्हणून रक्कम कापलेली दिसली की मग डोळे उघडतात. एका क्रेटमध्ये अर्ध्या लिटरच्या २४ पिशव्या, म्हणजे १२ लिटर दूध. एक क्रेट गेला तर किती पिशव्यांचं कमिशन पाण्यात गेलं, ते ज्याचं त्याने मांडून बघावं.

चोर येऊन नेतो ते क्रेट थोडे. बाकीचे कुठेतरी राहून जातात, आणि पंधरा दिवसांनी ज्याच्या दारात असतील त्याचेच होतात.

तोंडी हिशेब. माझ्या मते निम्मं नुकसान इथेच होतं. कोजागिरीचंच घ्या. त्या दिवशी दूध रोजच्या कितीतरी पट उठतं, मसाला दुधासाठी सोसायट्या थेट एजंटला गाठतात. आमच्या बाजूच्या लाईनवर एक उत्साही पोरगा होता. त्याने आलेल्या प्रत्येकाला हो म्हटलं, क्रेटसकट दूध क्लबहाऊसमध्ये उतरवलं, पैसे फोनवर घेतले आणि खुशीत घरी गेला. कुठे किती क्रेट उतरले ते सगळं डोक्यात. दुसऱ्या पहाटे डेपोत सुपरवायझरने नेहमीचंच सांगितलं, रिकामे जेवढे आणाल तेवढेच भरलेले मिळतील. झालं, स्वारी माझ्या दारात. “काका, दोन दिवस उसने द्या.”

उसने दिले नाहीत, त्याच्याबरोबर फिरलो. पहिल्या सोसायटीत क्रेट पार्किंगमध्ये उभा होता, पोरांचे स्टंप म्हणून. उचलला तर बॅट्समन भांडायला उठला. पुढच्या गेटवर दोन क्रेट एकावर एक, वर जुनी उशी, त्यावर वॉचमन. तिसऱ्या ठिकाणी कमालच. क्रेटवर ऑइलपेंटने सोसायटीचं नाव! डेअरीचं नाव प्लास्टिकमध्येच उठवलेलं, त्यावर रंगाचा हात फिरवलेला, तरी अक्षरं बोटाला लागत होती. सेक्रेटरी म्हणाले, “दुधाबरोबर आलेत ना? आम्ही पैसे दिलेत.” पोराने चलन, म्हणजे माल दिल्याची पावती, काढलं. त्यावर लिटर होते, रक्कम होती, क्रेटचा उल्लेखच नव्हता. इथेच घोडं पेंड खातं.

माझ्या चलनावर दुधाच्या खाली एक ओळ जास्त असते: क्रेट दिले, आले, बाकी. सही त्या ओळीपुढे घेतो. सणाच्या ऑर्डरला तर क्रेट सोडतच नाही. त्यांच्या पातेल्यात, टबमध्ये पिशव्या काढून द्यायच्या आणि रिकामा क्रेट लगेच टेम्पोत. पाच मिनिटं जातात. तेवढी नसतील तर ऑर्डर घेऊ नये. मुंबईत आरेच्या काचेच्या बाटल्या होत्या तेव्हा रिकामी बाटली दिल्याशिवाय भरलेली हातात पडत नसे. लोक कुरकुरत, पण बाटली घेऊनच रांगेत येत.

रात्री शटरबाहेर रिकामे क्रेट. दुकानदार रात्री क्रेट बाहेर रचतो, पहाटे साडेचारला गाडी येईपर्यंत ते रस्त्याचे. भाजीवाल्याला मांडणीला हवेत, फुलवाल्याला पाट म्हणून हवेत, आणि कोणालाच नको असतील तर भंगारवाला आहेच. एकदा क्रेट दळून प्लास्टिकचा दाणा झाला की डेअरीचं नाव शोधत बसा. साखळी लावणारेही ती खालच्या क्रेटमधूनच ओवतात, म्हणजे वरचे मोकळेच. साखळी प्रत्येक क्रेटच्या मुठीतून फिरवून शटरच्या कडीला यायला हवी. खरं तर मी साखळीच्या भानगडीत पडत नाही. अकराच्या सुमारास वसुलीला जातो तेव्हाच रिकामे उचलतो. पैसे आणि क्रेट एका फेरीत, दुकानदारासमोर मोजून.

ओळखीच्यांना क्रेटची अनामत माफ. मित्राकडे बाकी मागायची लाज वाटते, म्हणून सगळ्यात जास्त क्रेट मित्राकडेच अडकतात. आणि अनामत घ्यायची तर झोंबेल एवढी घ्या. २०१८ च्या प्लास्टिकबंदीत दुधाच्या पिशवीला ५० पैसे परताव्याची तरतूद होती. ५० पैशांसाठी पिशवी धुऊन दुकानात कोण नेणार? क्रेटची अनामत नव्या क्रेटच्या किमतीपेक्षा कमी ठेवलीत, तर तुम्ही क्रेट स्वस्तात विकलात असं समजा.

दुसऱ्या डेअरीचे क्रेट उचलून भरती करणे. “त्यांनी आपले नेले, आपण त्यांचे आणले.” हे ऐकलं की माझं डोकं सटकतं. डेपोत रंग बघूनच क्रेट बाजूला काढतात, म्हणजे भरतीही होत नाही. वर, माल चोरीचा आहे हे माहीत असून जवळ ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. सकाळच्या कामात चुकून आला असेल तर त्याच दिवशी त्या एजंटला फोन करा. तुमचेही त्याच्याकडे असतातच.

तुटका क्रेट फेकू नका. आमच्या डेपोत नावाची बाजू शाबूत असेल तर मोजणीत धरतात, तुमच्याकडे काय चालतं ते विचारून ठेवा.

क्रेट चोरीला गेलेच तर पोलिसांकडून फार अपेक्षा नको. ५,००० रुपयांच्या आतली चोरी आता अदखलपात्र आहे, म्हणजे एनसी, अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, तेवढी करून घेतात आणि तपास सहसा तिथेच थांबतो. तरी एनसी घ्या, डेअरीशी बोलताना हातात कागद असलेला बरा.

हल्ली पोरं प्रत्येक क्रेटला क्यूआर स्टिकर लावून अ‍ॅपवर नोंद ठेवू म्हणतात. डेअरीत क्रेट रोज गरम पाण्याने, सोड्याने धुतले जातात, त्यात स्टिकर किती दिवस टिकणार? शिवाय पहाटे ओल्या हाताने स्कॅन करायला उभा कोण राहणार? आधी साधी वही महिनाभर न चुकता भरून दाखवा, मग अ‍ॅपचं बोलू.