३० जीबीची प्रतिमा आणि त्यातला एक तलाव

नकाशाच्या कामाला लागले तेव्हा माझ्याकडे आलेली, जमिनीची वरून टिपलेली पहिलीच प्रतिमा ३० जीबीची होती. मला तिच्यातला फक्त एक तलाव पाहायचा होता. फाइल क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकली आणि पडदा गोठला. मी जास्त रॅम मागायला निघाले होते, पण अडचण रॅमची नव्हतीच.

एवढा आकार येतो कुठून, ते आधी कागदावर मांडून बघा. १० किलोमीटर लांब-रुंद भाग, एक पिक्सेल म्हणजे जमिनीवरचे १० सेंटिमीटर. म्हणजे एका बाजूला १ लाख पिक्सेल, एकूण १,००० कोटी. लाल, हिरवा, निळा असे रंगांचे तीन थर, म्हणजे बँड, आणि दर पिक्सेलला प्रत्येकाचा एक बाइट. झाले ३० जीबी. पिक्सेल ५ सेंटिमीटरचा मागितलात, की तीच फाइल १२० जीबी होते. म्हणून काम हातात घेतानाच विचारा, इतका बारकावा खरंच लागणार आहे का?

खरी मेख फाइलच्या आतल्या मांडणीत असते. जिओटिफ म्हणजे नकाशावरची जागाही सोबत ठेवणारी टिफ प्रतिमा. पुष्कळ जिओटिफ फायलींत पिक्सेल ओळीमागून ओळ असे ठेवलेले असतात. तलावाचा १,००० बाय १,००० पिक्सेलचा तुकडा हवा असला, तरी सॉफ्टवेअर सहसा १,००० अख्ख्या ओळी उचलतं, म्हणजे ३०० एमबी. तीच प्रतिमा ५१२ बाय ५१२ पिक्सेलांच्या चौकोनी टाइलमध्ये कापून ठेवली, तर तो तुकडा फार तर ९ टाइलांत सापडतो, सुमारे ७ एमबीत. संगणक तोच, फाइल तीच, पण वाट पाहणं संपतं.

पडदा मात्र गोठला होता तो ओव्हरव्ह्यू नसल्यामुळे. संपूर्ण भाग एकदम दाखवायचा, तर पडद्यावर जेमतेम दोन-तीन हजार पिक्सेलांची रुंदी असते. पण लहान आवृत्ती तयार नसेल तर त्यासाठी मूळ फाइल या टोकापासून त्या टोकापर्यंत चाळावी लागते. ओव्हरव्ह्यू म्हणजे निम्म्या, पाव, अष्टमांश मापाच्या आधीच करून ठेवलेल्या प्रती. सगळ्या मिळून मूळ पिक्सेलांच्या साधारण एक तृतीयांशच भर पडते. ही जागा वाचवू नका. टाइल आणि ओव्हरव्ह्यू दोन्ही नीट लावलेली, नेटवरून हवा तेवढाच तुकडा मागता येणारी फाइल म्हणजे क्लाउड ऑप्टिमाइझ्ड जिओटिफ. जीडीएएल हे अशा फायली वाचणारं-बदलणारं मोफत सॉफ्टवेअर ती थेट करून देतं, आणि या क्षेत्रात येणाऱ्याने आधी जीडीएएलच शिकावं असं माझं ठाम मत आहे. शेकडो तुकडे असतील तर ते जोडून एक अजस्र फाइल करण्याआधी व्हीआरटी करून बघा. ती छोटीशी मजकुराची फाइल असते, कुठला तुकडा कुठे बसतो एवढंच सांगणारी.

जुन्या टिफचे आतले पत्ते ३२ बिटांचे, त्यामुळे ४ जीबीपुढे ती जात नाही. रात्रभर चाललेलं माझं एक काम तिथेच कोसळलं होतं. मोठ्या कामात बिगटिफचा, म्हणजे ही मर्यादा नसलेल्या टिफचा, पर्याय सुरुवातीलाच द्या.

याहून वाईट चूक अशी, की जी दिसतच नाही. जमीन-वापराच्या एका रास्टरमध्ये, म्हणजे पिक्सेलांच्या नकाशात, १ म्हणजे पाणी, २ म्हणजे जंगल, ३ म्हणजे शेती असे वर्ग होते. प्रक्षेपण, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची रीत, बदलताना पिक्सेल नव्याने मोजावे लागतात. त्यासाठी मी बायलिनिअर पद्धत निवडली. ती शेजारच्या पिक्सेलांची सरासरी काढते. १ आणि ३ यांच्या मधोमध आलं २. शेतांनी वेढलेल्या प्रत्येक तलावाभोवती जंगलाची बारीक कड उगवली! नकाशा इतका सुबक दिसत होता, की दोन आठवडे कुणालाही संशय आला नाही. वर्गांसाठी नेहमी निअरेस्ट नेबर वापरा, म्हणजे सर्वांत जवळच्या पिक्सेलचा आकडा जसाच्या तसा घेणारी पद्धत, ओव्हरव्ह्यू करतानाही. जेपीईजी कॉम्प्रेशनही तिथे नको, कारण तेही आकडे बदलतं. डिफ्लेट किंवा एलझेडडब्ल्यू या कॉम्प्रेशनच्या पद्धती ते बदलत नाहीत. नुसत्या पाहण्याच्या छायाचित्राला जेपीईजी चालतं.

आता वर्गांच्या फाइलवर काहीही केलं, की नकाशा बघण्याआधी मी तिच्यातल्या वेगवेगळ्या आकड्यांची यादी काढते, प्रत्येक आकडा किती पिक्सेलांत आहे ते मोजते आणि आधीच्या यादीशेजारी ठेवते.