लॅडलच्या अस्तरात इन्सुलेशन घालताना या चुका टाळा

लॅडल म्हणजे वितळलेला धातू नेण्याचं, आतून विटांचं अस्तर असलेलं पोलादी भांडं. त्याचा बाहेरचा पत्रा तापतो, मेटल वाटेतच गार होतं, मग कुणीतरी सुचवतं की विटांमागे चांगलं जाड इन्सुलेशन घालू. सूचना बरोबर आहे. पण मागून उष्णता अडवली की ती पुढच्या विटेतच साठते, आणि हे विसरणं ही सगळ्यात घातक चूक.

ढोबळ हिशेब पाहा. आत १४५० अंश सेल्सिअसचं लोखंड, १०० मि.मी. फायरब्रिक (उष्णता सोसणारी वीट) आणि मागे थेट पत्रा असेल, तर लॅडल बराच वेळ भरलेलं राहिल्यावर पत्रा ४५० अंशांच्या आसपास जातो. विटेची पाठही तेवढीच तापते. मध्ये इन्सुलेशनचा १० मि.मी. कॅल्शियम सिलिकेट बोर्ड घातला की पत्रा ३००-३५० वर उतरतो, विटेची पाठ मात्र ८५० पर्यंत चढते. तेवढ्याच जाडीचा मायक्रोपोरस बोर्ड (अतिसूक्ष्म छिद्रांचा, उष्णता आणखी जास्त अडवणारा) घातला तर ती १२०० च्या घरात जाते. ओतीव लोखंड गोठतं ११५० च्या सुमारास. म्हणजे सांध्यात शिरलेलं जे मेटल एरवी विटेतच गोठून थांबलं असतं, ते आता पातळच राहून बोर्डापर्यंत पोचतं. असे बोर्ड साधारण १००० अंशांच्या पुढे टिकत नाहीत. बोर्ड आकसतो, मागे पोकळी पडते, वीट सैल होते आणि सांधा आणखी उघडतो.

म्हणून वीट आणि बोर्ड यांच्यामध्ये सेफ्टी लायनिंगचा, म्हणजे राखीव अस्तराचा, थर हवाच. हिशेब नव्या विटेवर करू नका. झिजून अर्धी उरलेली वीट धरून करा.

विटांमागे नुसतं मऊ सिरॅमिक फायबर ब्लँकेट भरणं मला मान्य नाही. मेटलच्या दाबाने ते दबतं आणि विटांचा आधार जातो. तिथे कडक बोर्डच वापरा.

दुसरी मोठी गडबड पाण्याची. कोरड्या बोर्डाला लागून कास्टेबल (पाण्यात कालवून ओतायचं, उष्णता सोसणारं काँक्रीट) ओतलं की बोर्ड त्यातलं पाणी शोषून घेतो. कास्टेबल ठिसूळ राहतं, आणि बोर्डात मुरलेलं पाणी पुढे वाफ होऊन अस्तर फोडतं. मध्ये पातळ प्लास्टिक शीट लावा. मायक्रोपोरस बोर्ड तर एकदा भिजला की वाळवूनही पूर्ववत होत नाही, त्यामुळे तो सीलबंदच बसवा. पत्र्याला वाफेसाठी ठेवलेली भोकं रंगाने किंवा वेल्डिंगने बुजवू नका.

वाळवताना घाई नको. बर्नरची ज्योत थेट अस्तरावर मारली तर पृष्ठभाग लगेच कोरडा दिसतो, आतलं पाणी तसंच असतं. ११० अंशांच्या आसपास पुरेसा वेळ थांबा, मग सावकाश वाढवा. सिमेंटशी बांधलेलं पाणी बरंच वरच्या तापमानाला सुटतं, म्हणून वाफ थांबली म्हणजे काम झालं असं समजू नका. ओल्या अस्तरात मेटल ओतलं तर ते उसळून अंगावर येतं.

इन्सुलेशन घालूनही पहिल्या खेपांना मेटल तळाशी गोठत असेल, तर आधी प्रीहीट (मेटल घेण्याआधी रिकामं लॅडल तापवणं) तपासा. थंड वीट स्वतः तापायलाच भरपूर उष्णता घेते, तिथे मागचा बोर्ड काही करू शकत नाही. झाकण नसेल तर वरूनही बरीच उष्णता जाते.

पत्र्याचं तापमान रोज त्याच जागी, टॅपिंगनंतर (भट्टीतून मेटल लॅडलमध्ये घेतल्यावर) तेवढ्याच वेळाने मोजून लिहून ठेवा. इन्सुलेशनमुळे पत्रा गारच दिसतो आणि वीट झिजल्याचं उशिरा कळतं, म्हणून एका आकड्यापेक्षा चढता कल महत्त्वाचा. सगळा पत्रा हळूहळू तापत असेल तर वीट झिजली आहे किंवा बोर्ड दबला आहे. एकच ठिपका झपाट्याने तापला तर सांध्यात मेटल शिरलंय असं धरा. त्यावर पाणी मारू नका. माणसं बाजूला घ्या, लॅडल लगेच सुरक्षित जागी रिकामं करा आणि अस्तर उघडून बघितल्याशिवाय पुन्हा वापरात आणू नका.

जुनं अस्तर काढताना मास्क घाला. खूप तापून निघालेल्या सिरॅमिक फायबरमध्ये क्रिस्टोबलाइट (सिलिकाचं एक स्फटिकरूप) तयार झालेलं असतं आणि त्याची धूळ फुप्फुसांना अपाय करते. ते हलकेच ओलं करून काढा आणि पिशवीत बंद करून टाका.